काचेपुढचे हात

कंपनीची बस नाशिक फाट्याला थांबली, निशिगंधा उतरली आणि कासारवाडीच्या मेट्रो स्टेशनाखालून डांगे चौकाच्या बसकडे चालायला लागली, तेवढ्यात उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी बोललं. तिला हाक तिथूनच येते. ती एकदम थबकली, तशी मागून येणारा माणूस तिच्या पाठीवर आदळला. त्याचे ओठ चिडून हलले आणि तो पुढे निघून गेला. तिनं वळून पाहिलं. जिन्याशेजारी एका बंद पडलेल्या शोरूमची लांबलचक काळी काच होती, आणि त्या काचेचा आरसा करून पाच मुली रांगेत नाचत होत्या. नुसत्या नाचासाठी ती थांबली नसती. वराती, मिरवणुका, हळदी, सगळीकडे तिनं नाच पाहिला होता, आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा. पण या मुलींच्या हातांनी आत्ता एक शब्द उच्चारला होता. डावा तळवा आडवा धरलेला, आणि त्यावर उजव्या हाताची दोन बोटं, माणसाच्या पायांसारखी, डावीकडे, उजवीकडे. नाच. तिच्या भाषेतला शब्द. मग अंगठे बाहेर काढून बाकीची बोटं अर्धवट मिटून अंगावरून खरवडल्यासारखे वर नेलेले हात; हा शब्द जरा परका वाटला, नागपूरकडच्या माणसाचं मराठी पुण्यात वाटावं तसा, पण कळला. मजा. आणि मग दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर. शांतता. पाचही जणींनी एकदम म्हटलं आणि पुन्हा पाय थिरकायला लागले.

आपल्यासारख्याच बहिऱ्या असतील का या? पाचही? पिंपरी-चिंचवडातली बहुतेक बहिरी माणसं ती चेहऱ्यानं ओळखत होती, कुठल्या ना कुठल्या लग्नात, क्रिकेटच्या सामन्यात भेटलेली असायची. या पोरी तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. शिवाय जमिनीवर एक डबा ठेवला होता, त्यावर निळे-लाल दिवे उघडझाप करत होते, म्हणजे गाणं चालू होतं आणि ते त्यांना ऐकू येत होतं. मग हे हात कुणाचे? ती तिथंच उभी राहिली. लहानपणी एकदा पिंपरीच्या मंडईत आई अशीच थांबली होती. भाजीवालीच्या तोंडून काहीतरी निघालं आणि आई पिशवी खाली ठेवून तिच्यापुढे बसलीच. ती बाई औशाजवळची, आईच्या माहेरच्या बाजूची निघाली. दोघी किती वेळ बोलत होत्या, हसत होत्या, आणि निशिगंधा मेथीच्या जुडीतली पानं खुडत बसली होती. परमुलखात आपली बोली भेटली की माणसाचे पाय असे थबकतात हे तिला तेव्हा दिसलं होतं. पण आपल्याला असं काही होईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं. जी भाषा कुठल्याच गावची नाही, ती रस्त्यात भेटणार कशी?

आणि ती तर चोरून शिकलेली भाषा. पुण्याच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शालनबाई वर्गात आल्या की सगळ्यांनी हात मांडीखाली घालून बसायचं. बाई ओठांपुढे कागदाची पट्टी धरायच्या. ‘प’ म्हटलं की पट्टी फडफडली पाहिजे, ‘ब’ म्हटलं की हलता कामा नये. निशिगंधाचा हात स्वतःच्या गळ्याला लावून घ्यायच्या, तिथली थरथर तळव्याला लागायची, मग तोच हात तिच्या गळ्याला. असा एकेक शब्द घडवायचा. पहिला शब्द ‘बाबा’. तो यायला अख्खा पावसाळा गेला. बाई वाईट नव्हत्या. त्यांना वाटायचं, हात बोलायला लागले की तोंड आळशी होतं. पण जेवणाची घंटा झाली, म्हणजे भिंतीवरचा दिवा लागला, की मांडीखालून हात सुटायचे. ताटं घेऊन उभं राहिलेल्या रांगेत, न्हाणीघरात, कपडे वाळत घालताना, मोठ्या मुलींच्या हातांतून धाकट्यांच्या हातांत ती भाषा यायची. भांडणं, थट्टा, भुताच्या गोष्टी, घरच्या आठवणी, सगळं तिच्यातच. रविवारी बाबा भेटायला यायचे. पिंपरीहून बस बदलत यायचे, येताना शेवेची पुडी आणायचे. ते तिला बागेत न्यायचे आणि बसस्टॉपवर उभं राहिलं की तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन ठेवायचे. बाकीच्या मुलींचे वडील एक हात धरतात, माझे दोन धरतात, असं ती वसतिगृहात आल्यावर मिरवायची. पुष्कळ वर्षांनी एकदा, आठवीत वगैरे, तिनं बसस्टॉपवर एक हात सोडवून घेतला आणि समोरच्या कुत्र्याबद्दल काहीतरी सांगायला लागली, तेव्हा त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हात पुन्हा धरला. त्यांच्या ओठांवरचं तिला नीट वाचता आलं. लोक बघायलेत. ते हात धरणं खोटं होतं असं तिला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नव्हतं. ते प्रेमच होतं. फक्त त्या प्रेमात ती गप्प बसायची.

समोरच्या काचेत तिला स्वतःचं रूप दिसलं. पाच काळ्या टीशर्टांच्या मागे एक कंपनीचा निळा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी, आणि छातीपुढे तिचे स्वतःचे हात, आपापले वर आलेले. डावा तळवा आडवा, त्यावर दोन बोटं. कधी सुरू झालं होतं तिला कळलंच नव्हतं. रांगेतल्या मधल्या मुलीनं ते काचेत पाहिलं. ती नाचायची थांबली आणि वळली.

ती काहीतरी बोलत पुढे आली. निशिगंधानं कानाकडे बोट नेऊन मान हलवली आणि पुढचं जे नेहमी होतं त्याची वाट बघत राहिली. समोरचा चेहरा आधी पडतो, मग एकतर त्याला घाई होते, नाहीतर तो तोंड वासून मोठमोठ्यानं बोलायला लागतो. या मुलीच्या भुवईवर एक लहानसा व्रण होता, तो वर गेला. तिनं मागे वळून बाकीच्यांना असं बोलावलं की जणू ज्यांना शोधत होतो ते पाहुणे सापडले. मग खिशातून फोन काढून भराभर लिहिलं आणि पुढे धरलं. “ताई, तुम्ही खरंच ही भाषा बोलता?”

निशिगंधानं तो फोन घेऊन लिहिलं, “हो. तुम्हाला कुठून येते?”

मुलीचं नाव मैत्री. दापोडीला राहत होती आणि कॉलेजात शिकत होती. तिनं व्हिडिओ लावून दाखवला. सात कोरियन पोरं होती, बीटीएस नावाच्या ग्रुपची. निशिगंधानं त्यांचे फोटो मुलींच्या दप्तरांवर, मोबाइलच्या कव्हरांवर पाहिले होते, पण तिला ते शाम्पूच्या जाहिरातीतले वाटायचे. त्यांच्या हातांत तेच तीन शब्द होते. मैत्री लिहीत होती, “त्यांनी मुद्दाम घातलेत. ज्यांना गाणं ऐकू येत नाही त्यांना पण कळावं म्हणून. गाणं आता जुनं झालं, पण अजून सगळीकडे नाचतात यावर. ब्राझील, फिलिपिन्स, आफ्रिका. आम्ही पण.” निशिगंधानं ते पुन्हा वाचलं. डोक्यावरून मेट्रो गेली असावी, कारण तळपायांना बारीक थरथर लागली. ब्राझीलच्या रस्त्यात एखादी बाई अशीच कामावरून परत येताना थबकली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्या न पाहिलेल्या बाईबद्दल तिला इतकी जवळीक वाटली की डांगे चौकाची एक बस तिनं तशीच जाऊ दिली.

थेरगावला घरी आली तेव्हा बाबा टीव्हीपुढे बसले होते आणि आई शेजारणीची समजूत काढून नुकतीच आत येत होती. आवाजावरून होतं ते. टीव्हीचा आवाज किती मोठा आहे हे निशिगंधाला शेजारणीच्या चेहऱ्यावरून कळायचं. बाबा, म्हणजे ज्योतीराम, पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. तिथं पत्रा दाबून घडवणारं प्रेसचं अवजड यंत्र आपटायचं आणि माणसं कानांत कापूस घालायची. त्यांचं सगळं आयुष्य त्या आवाजात गेलं आणि निवृत्तीनंतर आवाज त्यांना सोडून गेला. आधी फोन नकोसा झाला. मग बागेतल्या बाकावर जुने कामगार बसायचे तिथं ते सगळ्यांच्या मागून हसायला लागले, आणि एक दिवस जायचेच बंद झाले. धाकट्या मुलानं, सुजितनं, पुण्याहून आणलेलं कानाचं मशीन कपाटात होतं. “मला काय झालंय? तुमीच तोंडातल्या तोंडात बोलायलाव,” हे त्यांचं वाक्य निशिगंधाला आता ओठ न बघताही कळायचं. तिला अडचण वेगळीच होती. शालनबाईंच्या पट्टीवर घासून घासून जो आवाज तिनं कमावला होता, तो परक्यांना कधीच कळला नाही. तो आई-बाबांपुरताच होता. आई अजून समजून घ्यायची. पण बाबांना तो आता ऐकूच येत नव्हता. आणि हातांची भाषा त्यांनी कधी घेतली नव्हती; जेव, ये, ताप, पैसे, झोप, काय, अशा थोड्या घरगुती खुणा तेवढ्या होत्या. एका घरात बाप आणि लेक, दोघांनाही ऐकू येत नाही, आणि दोघांत बोलायला काही नाही. ती दारातून “बाबा” म्हणाली. अख्ख्या पावसाळ्यात कमावलेला शब्द. त्यांची मान टीव्हीवरून हलली नाही.

आईला तिनं सगळं सांगितलं, तोंडानं आणि हातांनी मिळून. मंजुळाबाई कणीक मळत ऐकत होत्या. “कुठली म्हणायलीस? कोरियाची? आन् त्येंनी तुमचं कशाला घेतलं?” निशिगंधाला तो प्रश्न आवडला. तुमचं कशाला घेतलं. म्हणजे आपलं काहीतरी आहे आणि ते घेण्यासारखं आहे, हे आईनं कणकेच्या हातानं कबूल करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये तिनं विषय काढला. गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या त्यांच्या लाइनवर बहिऱ्यांचा एक गट होता. जेवायला ते एकाच टेबलावर बसायचे आणि बाकीचं कँटीन त्या टेबलाकडे बघून न बघितल्यासारखं करायचं. त्यांच्यातल्या रणजीतला ते गाणं आधीपासून माहीत होतं. त्याचे हात नेहमीच जरा तिरकस बोलायचे. “तीन शब्द,” तो म्हणाला. “आपण जन्मभर बोलतोय, कुणी बघत नाही. त्यांनी तीन शब्द म्हटले तर जग टाळ्या वाजवतंय. उद्या दुसरं गाणं येईल, विसरतील.” टेबलावरच्या काहींनी माना डोलावल्या. निशिगंधाला त्याचं म्हणणं खोडून काढता येईना. ती भाताचा घास घेत विचार करत राहिली. खरंच होतं ते. पण काल काचेपुढे जे झालं तेही खरं होतं. “विसरू देत,” शेवटी ती म्हणाली. “पण काल त्या पोरीनं माझे हात पाहिले आणि तिचा चेहरा पडला नाही. तुझ्या बाबतीत असं कधी झालंय?” रणजीतनं ताट बाजूला सारलं. मग त्यानं विचारलं, “कुठं नाचतात त्या?”

ती मग रोजच तिथं थांबायला लागली. मुलींची स्पर्धा होती, चिंचवडच्या नाट्यगृहात, अशा कोरियन गाण्यांवर नाचणाऱ्या गटांची. त्यांना नाच शिकवायची तिला गरज नव्हती. त्यांना हवं होतं ते वेगळंच. तीन शब्दांनंतर चौथा कुठला? दमलो कसं म्हणायचं? चहा? उद्या? मूर्ख? मूर्खाचा शब्द त्यांनी सगळ्यांत लवकर उचलला आणि एकमेकींवर वापरून संपवून टाकला. मैत्री सगळ्यांत पुढे होती. तिचे आजोबा, किसन, एका गायन पार्टीत ढोलकीवर असायचे, भीमगीतं घेऊन गावोगाव फिरायचे, असं तिनं एकदा लिहून दाखवलं. “आजोबा म्हणायचे, आम्हाला पाटावर कुणी बसवलं नाही, पण आमचं गाणं लोकांच्या घरात जाऊन बसलं.” निशिगंधानं ते वाचून तिच्याकडे पाहिलं. एवढीशी पोर, पण माणसाआधी त्याचं गाणं घरात शिरतं हे तिला समोर दिसत होतं. त्याच दिवशी निशिगंधानं तिला नाव दिलं. बहिऱ्यांच्यात नाव मागून मिळत नाही आणि स्वतःचं स्वतः ठेवता येत नाही. दुसऱ्यानं बघून द्यायचं असतं. तिनं एक बोट भुवईवरून तिरपं ओढलं, व्रणावरून. मैत्री. मैत्रीनं ते काचेत पाहून पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि मग तिला भरून आलं की काय, ती उगाच गाण्याच्या डब्याचा आवाज कमी-जास्त करत बसली.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. आईचा गुडघा दुखत होता, म्हणून बाबा सोबत निघाले. रोज चाकणला जाऊन येणारी मुलगी चिंचवडला एकटी कशी जाणार, असं त्यांना वाटत होतं. तिनं नाही म्हटलं नाही. ते घरातून निघाले एवढ्यावरच आई खूश होती. नाट्यगृह कॉलेजच्या पोरापोरींनी भरून गेलं होतं, रंगवलेले केस, चमचमते जॅकेट, आणि त्यांच्यामध्ये पांढरा सदरा घातलेले बाबा, हातात रुमाल. पाचव्या-सहाव्या रांगेत ते बसले. रणजीतही आला होता, मागे कुठंतरी, लाइनवरच्या दोघांना घेऊन. त्यानं लांबूनच हात वर केला. पहिलं गाणं सुरू झालं आणि निशिगंधानं सवयीनं चप्पल काढून तळपाय फरशीला टेकवले. जमीन बोलायला लागली. एक जड ठोका, मग बारीक थरथर, मग पुन्हा ठोका, पोटरीतून वर चढत छातीपर्यंत. तिनं बाजूला पाहिलं. बाबांनीही चप्पल काढली होती. ते मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिनं दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. ते तिच्याकडे वळले. ओठ हलले. एकच शब्द होता, आणि तो तिनं लगेच वाचला.

“प्रेस.”

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. लहान असताना एका वर्षी ती शाळेतून सुट्टीला आली होती. झेंडूच्या माळा, यंत्रांवर हळदकुंकू, बुंदीची पाकिटं. बाबांनी तिला आपल्या प्रेसपुढे उभं केलं, बाजूच्या माणसाला काहीतरी सांगितलं, आणि ते घरापेक्षा उंच लोखंड एकदा खाली आलं. सगळ्या पोरांनी कानांवर हात ठेवले. ती तशीच उभी राहिली. तो ठोका जमिनीतून आला, तिच्या टाचांतून शिरला, गुडघे, पोट, दात सगळं हलवून डोक्यातून बाहेर पडला. जन्मात पहिल्यांदा तिला काहीतरी ऐकू आलं होतं, आणि ते तिच्या बापानं केलेलं होतं. तिनं बोट वर करून आणखी एकदा मागितलं. त्यांनी आणखी एकदा केलं. मग ते हसले, आणि तेलकट हात तिच्या डोक्यावर न ठेवता हवेतच थांबवून, कोपरानं तिचे केस विस्कटले. ज्या आवाजानं पुढे त्यांचे कान खाल्ले तोच तिनं ऐकला होता. हा हिशेब कुणाशी मांडायचा तिला कधी कळलं नाही. तिला त्या आवाजाचा राग मात्र येत नव्हता.

दोन गाण्यांच्या मध्ये एक निवेदक बोलत होता आणि हॉल खदखदून हसत होता. बाबा सगळ्यांच्या मागून हसले. मग थांबले. स्टेजच्या मागे मोठ्या पडद्यावर निवेदकाचा चेहरा भिंतीएवढा दिसत होता, आणि निशिगंधाला त्याचे ओठ पुस्तकासारखे वाचता येत होते. बाबांचा हात तिच्या गुडघ्यापाशी आला. पंजा उताणा झाला आणि जरासा हलला. काय? आजवर हा प्रश्न तिचा असायचा. लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत ती आईचा पदर ओढून विचारायची आणि आई म्हणायची, काही नाही, नंतर सांगते. ते नंतर कधी येत नसे. तिनं बाबांकडे वळून सांगितलं. घरातल्या थोड्या खुणा घेतल्या, बाकीचं हवेत चितारलं, तोंड वेडंवाकडं केलं. पोरगा नाचायचा, त्याच्या बापानं चपला लपवल्या, पोरगा बापाच्या चपला घालून नाचला. बाबा आधी तिच्या हातांकडे बघत राहिले, मग त्यांना कळलं, आणि ते हसले. सगळा हॉल गप्प झाल्यावर एकटेच मोठ्यानं हसले. पुढच्या रांगेतल्या दोन डोक्यांनी मागे वळून पाहिलं. बाबांना पत्ता नव्हता.

मग त्या पाच मुली आल्या. पायांखालचा ठोका बदलला, हलका झाला. मुली वळल्या, उडाल्या, एकमेकींच्या मागून निघाल्या, आणि जिथं ते शब्द यायचे तिथं मैत्री पुढे येऊन म्हणाली. नाच. मजा. पाच जणींनी पुन्हा म्हटलं, आणि त्या वेळी निशिगंधाला दिसलं की समोरच्या रांगेतले हात वर जाताहेत. त्याच्या पुढच्या रांगेतले. बाजूचे. गॅलरीतले. सगळ्यांना ते येत होतं. अंधारात स्टेजच्या उजेडाच्या कडेला शेकडो तळवे आडवे झाले आणि शेकडो बोटांच्या जोड्या त्यांवर नाचायला लागल्या. कुणाचे बरोबर, कुणाचे उलटसुलट, कुणी एका हातात मोबाइल धरून अर्धाच शब्द म्हणत होतं. कुणी मांडीखाली हात घातले नव्हते. तिनं मागे पाहिलं. रणजीत उभा होता. तो नाचत नव्हता, खुणाही करत नव्हता. दोन्ही हात खाली सोडून नुसता बघत होता, सगळीकडे एकदम बघता येत नाही म्हणून मान फिरवत. सोलची ती सात पोरं तिला कधी भेटणार नव्हती, त्यांच्या गाण्याचा एक सूर तिच्यापर्यंत कधी पोचणार नव्हता, आणि तरी या हॉलमध्ये त्यांचं गाणं जिला नेमकं पोचलं ती आपण, असं तिला वाटलं. हे बाकीच्यांना ऐकू येतंय. मला कळतंय. ती उभी राहिली. हात छातीपाशी न ठेवता डोक्यावर नेले आणि सगळ्यांबरोबर म्हटलं, मोठ्यानं, हातांनी जेवढं मोठ्यानं म्हणता येतं तेवढं. शांतता हा शब्द आला तेव्हा तिनं खाली पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते हॉलकडे बघत होते, रांगेमागून रांग, तोंड थोडं उघडं. रुमाल पायाशी पडला होता.

मुलींचा नंबर आला नाही. पुण्याचा कुठला तरी गट पहिला आला. बाहेर पायऱ्यांवर त्या घामेजल्या अंगानं आइस्क्रीम खात उभ्या होत्या आणि हरल्यासारख्या दिसत नव्हत्या. मैत्री धावत आली, बाबांच्या पाया पडली. मग निशिगंधाकडे वळून, शब्द आठवत आठवत, तिनं हातांनी विचारलं. वडील. नाव. काय?

निशिगंधानं उजवी मूठ डाव्या तळव्यावर वरून आपटली. दोनदा.

बाबा बघत होते. “काय म्हणायली ती?” त्यांनी मैत्रीला विचारलं. मैत्री त्यांच्या कानाशी गेली आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलली. तिच्या ओठांवरून निशिगंधालाही वाचता आलं. “तुमचं नाव, आजोबा. ताईंच्या भाषेतलं.”

“माझं नाव ज्योतीराम हाय.”

“ते आपल्यात. त्यांच्यात हे.”

त्यांनी निशिगंधाकडे पाहिलं. पंजा उताणा. कुणी ठेवलं, असं असावं. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. कधी? तिनं तळवा कमरेच्याही खाली नेऊन दाखवला, एवढी होते तेव्हा. मग मैत्रीच्या फोनवर तिनं लिहिलं आणि मैत्रीनं ते बाबांच्या कानात वाचलं. “खंडेनवमीला प्रेस बघून गेले, तेव्हा शाळेत जाऊन ठेवलं. माझ्या सगळ्या मैत्रिणींना माहीत आहे. कोल्हापूरला आहे एक, एक सुरतला. व्हिडिओ कॉल केला की आधी विचारतात, प्रेस कसे आहेत?”

बाबांनी आपली मूठ पाहिली, जरा वर नेली आणि दुसऱ्या तळव्यावर आपटली. फार जोरात. त्यांचा त्यांनाच मार लागला असावा, कारण त्यांनी तळवा झटकला. मग पुन्हा केलं, या वेळी बेतानं.

रस्त्याच्या कडेला बसस्टॉपवर आले तेव्हा उजेड उतरला होता. बाबा डावीकडे चालायला लागले. तिनं त्यांची बाही धरली आणि सांगितलं, बस इथं येते. ते बोलायला लागले, पण दिव्याकडे पाठ होती, ओठ दिसत नव्हते. तिनं तोंडापुढे बोट हलवून मान हलवली, दिसत नाही. तसे ते वैतागले. हातातली पिशवी तिच्याकडे दिली आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी हवेत एक मोठं चाक फिरवलं, मग लांब चौकाकडे बोट केलं, मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. बस तिकडून. मला माहीत आहे. या गावात पत्रा दाबत जन्म गेला माझा. एवढं सगळं त्यात होतं, आणि चुकीचं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली. “तुमची बस केव्हाच बंद झाली,” ती हातांनी म्हणाली, “मी रोज फिरते, तुम्ही टीव्हीपुढे बसता.” टीव्हीपुढे बसता हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी तिच्याकडे बोट रोखलं, मग हात तोंडाकडे नेला, जेवणाची खूण. बहुतेक त्यांना बोलण्याची करायची होती. तिला हसू आलं, तसे ते आणखी चिडले. आजवर ते दोघं कधी भांडलेच नव्हते. भांडायला लागतात तेवढे शब्द दोघांमध्ये नव्हते. आता ते मिळेल ते उचलून फेकत होते, चाक, चौक, मूठ, कपाळ, आणि ती ते झेलून परत टाकत होती. स्टॉपवरची माणसं आधी चोरून आणि मग उघडच बघायला लागली. एका बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. डांगे चौकाची बस आली, थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरनं मान वाकवून दोघांकडे पाहिलं, आणि बस निघून गेली. तिनं ती पाहिली. पण बाबांचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं.